बैठी म्हणे!

‘नाही उठणार! एकदा सांगितलं, शंभरदा सांगितलं, नाही उठणार म्हणजे नाही उठणार!’

हे मी ओरडत होते बरं का, मी, आणि समोर माझा मुलगा, पोटचा, कमरेवर हात ठेवून उभा, कानाच्या पाळ्या लालबुंद... ‘आई, नुसती उभी राहून दाखव.’ ‘नाही दाखवत.’ ‘अगं, दारापर्यंत जा, कडी लाव, परत ये, मी मुकाट्याने निघून जातो, पुन्हा नाव काढणार नाही!’ आता बघा, केवढं सोपं! दार समोर, कडी समोर, माझ्याच घराची कडी, आयुष्यभर मीच लावलेली... उठले का मी? नाही उठले.

तुम्हाला सांगते... जरा सरका, टेकू द्या मला, तुमच्या या इमारतीत खाली बाक ठेवलेत, पण बाकाला पाठ ठेवायची अक्कल कुणाला सुचली नाही... तर तुम्ही सगळ्याजणी रोज विचारता ना, आजी, तुमचं तिकडे स्वतःचं घर होतं म्हणे, पुढे अंगण, मागे कपड्यांच्या दोऱ्या, मग इथे मुलाकडे, इतक्या उंचावर, त्या लिफ्टच्या डब्यात जीव मुठीत धरून कशाला आलात? तर ऐका. एका शब्दापायी आले. हो, शब्द! आजारपण नाही, काही नाही. शब्द. ‘बैठी’!

बैठी म्हणे! मी!

त्याचं काय झालं, गुडघा दुखत होता म्हणून मुलगा मला दवाखान्यात घेऊन गेला. डॉक्टरीणबाई पोर चांगली आहे, हसरी, हात मऊ, पण तिच्या पांढऱ्या कोटाची कॉलर... काय सांगू बाई, पाऊण बाजू उभी आणि पाव बाजू झोपलेली! मी गुडघा विसरून कॉलरच बघत बसले. तिने विचारलं, ‘आजी, दिवसभर काय करता?’ आता काय सांगणार? खरं सांगायची सोय नव्हती, का नव्हती ते सांगते पुढे, मुलगा शेजारी कान टवकारून होता. म्हटलं, ‘बसते.’ ‘बरं, आणि मग?’ ‘मग काय... जरा वेळाने परत बसते.’ झालं! माझ्याशी बोलणं संपलं, मान वळली मुलाकडे, आणि आवाज असा उतरला की जणू मी बहिरी आणि तो वारस, ‘यांची जीवनशैली फार बैठी आहे हो. अशाने पायातलं बळ जातं. एकट्या राहतात? मग विचार करायला हवा.’

विचार करायला हवा! आणि आमच्या चिरंजीवांना तेवढंच हवं होतं. घरी येईपर्यंत गाडीत तेच, ‘बैठी, आई, बैठी! मी नाही म्हणत, डॉक्टर म्हणतात!’

अहो, मी शाळेची पायरी चढलेली नाही, पण शब्द मला शिकवू नका. इस्त्रीचे कपडे बांधून द्यायला रद्दी पेपर यायचे, त्यांच्यावर मी अक्षरं जुळवायला शिकले, एका हाताने इस्त्री, दुसऱ्या हाताचं बोट ओळीवर. पहिले दोन शब्द स्वतःचे स्वतः वाचले ते कुठले माहितेय? ‘हरवले आहेत’. त्या दिवसापासून जे हाती लागलं ते वाचलं, तेव्हा मला माहिती आहे बैठं कशाला म्हणतात! घर बैठं असतं, म्हणजे एकमजली. माझं बैठंच होतं, आणि त्याला कुठल्याही डॉक्टरने सकाळी फिरायला जा म्हणून सांगितलं नाही. खेळ बैठे असतात, पत्ते, बुद्धिबळ. संप बैठा असतो, गिरणीत मशीनपुढे मांडी ठोकून बसतात तो, आणि त्या बसण्याने मालकांची झोप उडते! म्हणजे जो शब्द घराला शोभतो, खेळाला शोभतो, संपाला शोभतो, तो चिकटवला कुणाला? माझ्या जीवनशैलीला! मुळात जीवनशैली होती कुठे मला? सकाळी उठायचं, टेबलाशी उभं राहायचं, संध्याकाळी टेबल सोडायचं, याला शैली म्हणतात?

आणि ‘बसणं’ या शब्दाला तुम्ही आळशी समजू नका हं. मराठीत इतकं राबणारं क्रियापद दुसरं दाखवा! घसा बसतो, धक्का बसतो, विश्वास बसतो, धंदा बसतो, कपड्याची घडी बसते... आणि घडी एकदा बसली ना, की माणूस दिवसभर कितीही वाको, ती उठत नाही! हे मी त्याला सांगितलं. तो म्हणतो, ‘आई, विषय बदलू नकोस. ऊठ.’

उठले का मी? नाही उठले.

आता तुम्ही म्हणाल, म्हातारी हट्टी. आहेच. पण हट्ट तरी ऐका. माझं दुकान होतं इस्त्रीचं, नवरा गेला तेव्हा मांडलेलं, आणि दुकानात खुर्ची ठेवायची नाही हा माझा कायदा होता. स्टूलसुद्धा नाही! बसलं की पाठ टेकते, पाठ टेकली की डोळा लागतो, डोळा लागला की कापड जळतं. उभं राहायचं! पायाच्या शिरा अशा फुगल्या, बघा, दोरखंड आहेत नुसते, पण माझ्या हातून एक कापड जळलेलं नाही. एक! लग्नाचे सूट आले, वकिलांचे कोट आले, एका बाईचा तर फुंकर मारली तर उडेल असा झगा आला, डाग म्हणाल तर नखभर नाही. लोक माझं नाव घ्यायचे नाहीत, ‘न जाळणारी’ म्हणायचे. न जाळणारीकडे टाक, म्हणायचे.

तर अशी मी, एक दिवस टेबलाशी उभी असताना डोळ्यांपुढे अंधारी आली आणि टेबलाला धरून खाली बसले. दुकानात पहिल्यांदा बसले! तेवढं निमित्त. चिरंजीव धावत आले, दुकानाचं दार ओढलं, मोठं टेबल कुणाला तरी देऊन टाकलं, आणि म्हणाले, ‘चल माझ्याकडे.’ मी म्हटलं, ‘ज्या दिवशी माझं मला उठता येणार नाही ना, त्या दिवशी ये. एक शब्द बोलणार नाही, गाडीत जाऊन बसेन.’ बोलले. रागाच्या भरात बोलले, पण बोलले. आणि दुसरा शब्द दिला, की यापुढे उभी राहून इस्त्री करणार नाही. त्याचा जीव भांड्यात पडला, मला एक खुर्ची आणून दिली.

खुर्ची म्हणजे काय साधी? विजेची! बटण दाबलं की पाय वर, पाठ मागे, दुसरं बटण दाबलं की पाय खाली, पाठ पुढे, आणि शेवटी मागून असा हलका ढोसा देते, की ऊठ बाई. मुलगा म्हणाला, ‘आई, आता आराम.’

केला. किती दिवस करणार? हात शिवशिवायला लागले. रस्त्याने जाणाऱ्या माणसाची बाही चुरगळलेली दिसली तरी मला जेवण जाईना! मग मी विचार केला, शब्द काय दिलाय? उभी राहून करणार नाही. बसून करणार नाही असं कुठे म्हटलंय? आं? खुर्चीच्या दोन हातांवर आडवी फळी टाकली, वर घोंगडी, वर चादर, झालं टेबल! पाय वर, पाठ टेकलेली, हातात इस्त्री... अहो, राणी पण अशी इस्त्री करत नसेल! आणि कपडे कुणाचे? कुणाला सांगू नका. माझ्या मुलाचेच.

हो! सूनबाई आणून द्यायची. नोकरीवरून येता येता पिशवी ठेवायची, दोन दिवसांनी घेऊन जायची, आणि घरी नवऱ्याला सांगायची, नवा इस्त्रीवाला मिळालाय. ती मला म्हणाली होती, ‘आई, तुम्ही नुसत्या बसलात की तुमच्या चेहऱ्याकडे बघवत नाही हो.’ सासू म्हणून मी तिला काय कमी बोललेय? पण पोरीने ओळखलं. पोटच्याने नाही ओळखलं.

म्हणून डॉक्टरीणबाईला खरं सांगायची सोय नव्हती. कळलं? काय करता म्हटल्यावर काय सांगू, शेजारी बसलाय त्याच्या अंगातला शर्ट करते?

तर तो भांडणाचा दिवस. खुर्चीजवळ विजेचा तो लांब वायरचा बोर्ड, त्याला चालणारं भोक एकच. खुर्चीची पिन लावायची तर इस्त्रीची काढायची, इस्त्रीची लावायची तर खुर्चीची काढायची. माझं तंत्र ठरलेलं होतं. आधी पाय वर करून घ्यायचे, मग खुर्चीची पिन काढायची, इस्त्रीची लावायची, काम झालं की उलटं. बोर्ड फळीच्या कडेला, हाताशी. मी आपली त्याचा निळा शर्ट घेतलेला, त्याचा आवडता, एक बाही राहिलेली... आणि दाराच्या कुलपात किल्ली! त्यांच्या घरी जादा किल्ली असते. खुडबुड, खुडबुड, किल्ली फिरेना. नंतर कळलं, सूनबाईने मुद्दाम त्याच्या हातात कपाटाची किल्ली दिली होती, मला तेवढाच वेळ मिळावा म्हणून. केवढी हुशार! मी शर्ट मागच्या स्टुलावर टाकला, इस्त्री त्याच्यावर बुडावर उभी केली, आणि फळी दिली मागे सारून. फळीबरोबर बोर्डही धाडकन खुर्चीच्या मागे!

आणि खरी किल्ली लागली, दार उघडलं.

आता माझी अवस्था बघा. पाय वर, पाठ आडवी, दोन्ही बाजूंना हे एवढाले उंच हात, बटण दाबते तर खुर्ची मेलेली, पिन मागे, बोर्ड मागे, हात पोचत नाही. झुरळ उलटं पडतं ना, तशी! आणि याच मुहूर्तावर चिरंजीव बॅग घेऊन दारात, मागे सूनबाई, ‘आई, डॉक्टर काय म्हणाल्या ऐकलंस ना? तू शब्द दिला होतास. आता उठून दाखव, नाहीतर चल.’

सांगा, काय बोलायचं? खुर्ची बंद पडलीय म्हणावं, तर तो मागे जाऊन पिन बघणार, पिन बघितली की इस्त्री बघणार, इस्त्री बघितली की तीही गेली, आणि सूनबाईची अब्रूही गेली. गप्प राहावं, तर घर गेलं. आई गं! माझ्याच घरात, माझ्याच खुर्चीत, माझ्याच शब्दात अडकले. मग एकच वाट राहते. मानाने बसायचं! येत नाही असं म्हणायचं नाही, उठणार नाही म्हणायचं. जणू बसणं हा माझा विचार आहे, मत आहे, तत्त्व आहे!

तो म्हणाला, ‘ऊठ.’ मी म्हटलं, ‘बसलेल्या माणसाला उठवणं हे अडाणीपणाचं लक्षण आहे.’ तो म्हणाला, ‘तुझ्या भल्यासाठी सांगतोय.’ मी म्हटलं, ‘न्यायाधीश बसतो. मंत्री बसतो. तुझा साहेब बसतो. उभा कोण राहतो? शिपाई!’

उठले का मी? नाही उठले.

सूनबाईने आत पाऊल टाकताच सगळं ओळखलं. सरळ येऊन स्टुलापुढे उभी राहिली, भिंतीसारखी, ओढणी पसरून. नवरा म्हणतो, ‘तू का उभी? बस ना.’ ‘नको, मला उभंच बरं वाटतं.’ ‘बघ!’ तो माझ्याकडे वळला, ‘बघ आई, शीक जरा सुनेकडून!’ ती बिचारी घामाने निथळतेय, पाठीमागे तापलेली इस्त्री, आणि हा तिची उदाहरणं देतोय!

आणि मग त्याने काय करावं? स्वतःची कॉलर चिमटीत धरली, माझ्या तोंडासमोर आणली, आणि म्हणाला, ‘हे बघ! हे बघ काम! आमचा नवा इस्त्रीवाला. तरणाबांड माणूस असणार, दिवसभर उभा राहत असेल. याला म्हणतात हालचाल! तुझ्या वेळीही अशी कॉलर नव्हती होत, आई, राग मानू नकोस.’

राग मानू नकोस!

अहो, माझ्या हातची कॉलर, माझ्याच नाकासमोर, आणि मी ओठ चावून गप्प! जीभ अशी वळवळत होती... सूनबाई माझ्याकडे बघतेय, डोळ्यांनी हात जोडतेय, नको आई, नको. गिळलं. सगळं गिळलं. एवढंच म्हटलं, ‘बरी आहे. डाव्या टोकाला पाणी जरा जास्त झालंय.’ झालं होतं, मलाच माहिती!

तर तो आणखी चेकाळला. ‘बोलायला येतं, करायला नको! हेच ते, बैठी!’ आणि बायकोला म्हणाला, ‘जा, आईचे कपडे बॅगेत भर.’ ती जागची हलेना. ‘जा म्हणतो ना!’ गेली बिचारी, मागे बघत बघत. आता स्टूल उघडं. मी शाल पसरली, मान उंच केली, जेवढी झाकता येईल तेवढी बाजू झाकली. हा लागला येरझारा घालायला, खिडकीपासून दारापर्यंत, दारापासून खिडकीपर्यंत, बोलतोय, ‘मला रात्रीचा फोन वाजला तरी धडकी भरते, आई! वाटतं, तू पडली असशील. कुणी उचललं असेल का? तुला कळतं का मला काय होतं?’

आणि तुम्हाला सांगते, तेव्हा त्याचा आवाज जरा फाटला. तेवढ्या वेळात मला तो लहानपणी कपड्यांच्या गाठोड्यावर झोपायचा तसा दिसला, दुकानात, कोपऱ्यात, गरम गाठोडं पोटाशी धरून. मी म्हणणार होते काहीतरी. खरंच म्हणणार होते. पण त्याचं कोपर लागलं खुर्चीमागच्या त्या फळीला, फळी घसरली, आणि माझ्या मागे आवाज झाला.

थप्प.

मोठा नाही. थप्प. तुम्हाला तो आवाज कळणार नाही, मला झोपेतही कळतो. इस्त्री पालथी पडली, तोंडावर, कापडावर.

‘काय पडलं?’ तो म्हणाला. ‘फळी,’ मी म्हटलं. खरंच म्हटलं ना? ‘कसली फळी?’ ‘आहे एक! तू बोल, तू बोल, फोनचं काय म्हणत होतास?’ त्याला वाटलं, आई ऐकतेय! इतक्या वर्षांत पहिल्यांदा आई ऐकतेय! तो खुलला, माझ्यासमोर उकिडवाच बसला, माझा हात हातात घेतला, ‘आई, मला भांडायचं नाहीये...’

आणि इकडे वास यायला लागला. आधी काय येतो, उन्हात वाळलेल्या कपड्यांचा, चांगला वाटतो तो वास, तिथपर्यंत काही बिघडत नाही. मग भाजलेल्या पावासारखा. तिथे हात उचलायचा. तिथे उचलला तर पिवळं पडतं, पण ते लिंबाने निघतं. त्यानंतर येतो केस जळल्यासारखा, आणि तो आला की संपलं, तपकिरी छाप पडतो, तो जन्माचा. ‘...तुझी खोली वेगळी ठेवलीय,’ तो सांगतोय, ‘खिडकी मोठी आहे...’ पावाचा वास आला. मी बटण दाबतेय, दाबतेय, मुठीने दाबतेय, खुर्ची ढिम्म! अंग पुढे टाकलं, पुन्हा मागे पडले. ‘...कडी तुझी, दार तुझं, कुणी येणार नाही आत विचारल्याशिवाय...’ सूनबाई दारात येऊन उभी, हातात माझे कपडे, नाक वर, चेहरा पांढराफटक. ती पुढे येणार तर याने हात केला, ‘थांब, आई ऐकतेय!’

एकीकडे माझं घर. अंगण, दोऱ्या, कडी, शब्द, मान. दुसरीकडे एक बाही राहिलेला निळा शर्ट. तुम्ही असता तर शर्ट जाऊ दिला असता, हो ना? कुणीही शहाणीने जाऊ दिला असता. मीही स्वतःला समजावलं, गप्प बस, एकच तर कापड, गप्प बस... पण न जाळणारी ती! हात बसलेले असतात हो, ते काय ऐकतात? नाकाला काय घर कळतं?

आता इथे आलेय. खुर्ची आली, मोठी खिडकी आहे, कडी आतून लागते. आणि त्या खोलीत चालणारी भोकं दोन आहेत, हे मी आल्या आल्या बघून घेतलं. तुमच्यापैकी कुणाच्या घरच्यांची कॉलर आडवी पडत असेल... हिच्या यांची पडते, मी लिफ्टमध्ये बघितलीय... तर सूनबाईकडे द्या पिशवीतून, आणि मुलासमोर अवाक्षर नको, तो अजून मला रोज सकाळी खाली सोडतो, म्हणतो, फिर आई, फिर, बैठी नको राहूस. मी येते आणि इथे बसते.

पण ते भांडण कसं संपलं, ते सांगायचं राहिलं की! तो माझा हात धरून शेवटचं विचारत होता, ‘बोल आई, उठतेस की नाही?’ आणि मला केसाचा वास यायच्या आतला तो क्षण कळला, आणि सगळा जन्म ज्या चार शब्दांपासून मी पळत आले ते माझ्याच तोंडातून बाहेर पडले... मी ओरडले, ‘अरे गाढवा, भांडण राहू दे, आधी माझ्या मागची ती इस्त्री उचल, तुझा निळा शर्ट जळतोय, आणि मला... मला उठता येत नाहीये!’